इंजिन उतरवण्याआधी कॉम्प्रेशन मोजा

सोलापूरहून तुळजापूरला येताना शेवटच्या टप्प्यात घाट लागतो. चढ तसा फार नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५८ मीटरवर, तुळजापूर ६५० च्या आसपास. म्हणजे पंचेचाळीस किलोमीटरच्या वाटेत जेमतेम दोनशे मीटर. पण त्यातला बराचसा चढ बालाघाटाच्या कड्याशी एकदम येतो आणि तिथेच जुन्या गाडीचं पितळ उघडं पडतं. सपाटीवर मुकाट्याने पळणारी मारुती चौघं बसली की घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येते, एक्सलेटर दाबला तरी नुसती घरघरते. वर आल्यावर गाडीवाला मिस्त्रीला सांगतो, "पिकअप गेलाय." मिस्त्री घाईत असला, त्यातून नवरात्राचे दिवस असले, तर बोनेट न उघडताच निकाल येतो: "इंजिन बसलंय. उतरवावं लागेल."

कदाचित त्याचं बरोबरही असेल. पण फुल इंजिन कामाचं बिल आणि जुन्या ८०० ची बाजारातली किंमत यांत आता फारसं अंतर उरलेलं नाही. एवढा खर्च आवाजावरून, धुरावरून किंवा कुणाच्या अनुभवावरून ठरवायचा नसतो. गाडीवाल्याने अशा वेळी एकच म्हणावं: "आधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा, आकडे कागदावर लिहा, मग बोलू." अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. त्यासाठी लागणारा गेज एका नव्या टायरपेक्षा स्वस्त मिळतो आणि थोडी हातोटी असेल तर घरच्या अंगणातही ही तपासणी होते.

आपल्या भागात हे काम वरचेवर पडणार, कारण गाड्याच तशा आहेत. मारुती ८०० बनायची बंद झाली २०१४ मध्ये, ओम्नी २०१९ मध्ये. एमएच २५ पाटीच्या कितीतरी ८०० आणि ओम्नी पंधरा वर्षांचं नूतनीकरण करून पुढच्या पाच वर्षांच्या कागदावर चालताहेत. एखाद्या वाड्यात आजोबांची पद्मिनीही झाकून ठेवलेली सापडते. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचे मालक पुण्याला नोकरीला. गाडी वर्षभर उभी आणि देवीच्या नवरात्रात, फार तर दिवाळीत बाहेर निघते. अशा उभ्या गाडीचा प्रश्न वेगळा आहे, तो पुढे येईल.

मोजतो ते नेमकं काय

सायकलचा पंप घ्या, तोंडावर अंगठा दाबा आणि दांडा खाली रेटा. वॉशर चांगला असेल तर हवा अंगठ्याला मागे ढकलते. वॉशर वाळलेला असेल तर दांडा सरळ खाली जातो, हवा बाजूने पसार. इंजिनातला पिस्टन हेच करतो. पेट्रोल मिसळलेली हवा आत घेतो, वर येताना दाबतो, मग प्लगचा करंट पडतो. दाब चांगला असेल तर स्फोट जोरात, गाडीला ओढ. हवा निसटायच्या वाटा मुख्यतः तीन: खाली पिस्टनच्या रिंगांवाटे चेंबरमध्ये, वर व्हॉल्व्हवाटे कार्बोरेटरकडे किंवा सायलेन्सरकडे, आणि मध्ये हेड गॅस्केटवाटे शेजारच्या सिलिंडरमध्ये किंवा पाण्यात. दाब किती बनतो हे गेज सांगतो. तो कुठून निसटतो हे थोडी पुढची मेहनत घेतली की कळतं, आणि खर्च ठरतो तो या दुसऱ्या उत्तरावर.

गेज पीएसआयमध्ये असतो. पंक्चरच्या दुकानात आपण ज्याला पौंड म्हणतो, तेच. काही गेजवर किलोचे आकडे असतात, तिथे एक किलो म्हणजे १४ पौंडांच्या थोडं वर. गेज घेताना प्लगच्या जागी आट्यांनी बसणारा घ्या. रबरी बोंडी दाबून धरायचा गेजही मिळतो, पण त्याला एक माणूस नुसता धरायला लागतो, हात हलला की आकडा हलतो, आणि ओम्नीसारख्या अडचणीच्या जागेत तो नीट दाबलाच जात नाही.

गेज लावण्याआधी

पिकअप गेला म्हणजे कॉम्प्रेशनच गेलं असं नाही. घाटात इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी चढत नाही, तर क्लच प्लेट बघा. जॅकवर उचललेलं चाक हाताने सहज फिरत नसेल तर ब्रेक धरतोय. एअर क्लिनर काढून उन्हाकडे धरा. आरपार उजेड दिसत नसेल तर आधी तो बदला. उन्हाळ्यात धाराशिवकडच्या कच्च्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीच्या क्लिनरमधून मूठभर माती निघते, त्यात नवल काही नाही.

एकच सिलिंडर मारत नसेल तर आयडलवर गाडी थरथरते आणि सायलेन्सरचा आवाज फट-फट असा तुटक येतो. प्लग आणि वायर आपसांत बदलून बघा. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर प्लग बदला आणि घरी जा. दोष जागचा हलला नाही तर मग गेज काढा. पीयूसीच्या चिठ्ठीवरही एक नजर टाका. त्यावर हायड्रोकार्बनचा आकडा असतो. तो मागच्या वेळेपेक्षा फारच वाढला असेल तर कुठेतरी पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, एवढा इशारा त्यातून मिळतो. ती चिठ्ठी आपण पोलिसाला दाखवण्यापुरतीच जपतो, वाचत कुणी नाही.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. या तपासणीत सर्वांत जास्त फसवणूक करते ती अर्धवट बॅटरी. पहिल्या सिलिंडरला सेल जोरात फिरतो, तिसऱ्याला येईपर्यंत दमतो आणि तिसरा सिलिंडर नाहक कमी दिसतो. शंका असेल तर दुसऱ्या गाडीची बॅटरी केबलने जोडून ठेवा.

इंजिन नेहमीच्या चालीइतकं गरम करा. गरम असताना रिंगा, पिस्टन, व्हॉल्व्ह आपापल्या खऱ्या मापावर येतात. मात्र बंद केल्याबरोबर प्लगला पाना लावू नका. मारुतीचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, तापलेल्या हेडमधून जोराने प्लग काढला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात आणि फुकटचं काम वाढतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा, हात लावता आला पाहिजे. तेवढ्या वेळात प्लगच्या बुडाशी साचलेली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून घ्या. ही पायरी गाळू नका. प्लगच्या खळग्यात काळ्या मातीची बारीक पूड, तेलाचा चिकटा, कधी गहू-ज्वारीचा दाणा, उंदराने आणलेली चिंधी असं काहीही असतं. प्लग निघाला की ते सरळ सिलिंडरमध्ये पडणार आणि पहिल्याच सेलला बोअरवर ओरखडा उठवणार.

ओम्नीवाल्यांना हे काम समोरून करता येत नाही. इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलून झाकण काढावं लागतं. पायाखालची सगळी माती त्या झाकणाच्या कडेला जमलेली असते. झाकण काढण्याआधीच ती झाडून घ्या.

प्रत्यक्ष काम

करंट बंद करायचा. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत कॉइलला येणारी बारीक वायर काढून टेप लावून बाजूला ठेवा. मधली जाड वायर नुसती उपसून मोकळी सोडायची सवय अनेकांना आहे, ती वाईट. सेल मारताना तिच्यातून ठिणगी उडते आणि प्लगच्या भोकांतून तेव्हाच पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. नंतरच्या एमपीएफआय गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि इग्निशन कॉइलचं सॉकेट सोडवा. गॅस किट असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून उरलेला गॅस आधी इंजिन चालवून संपवा. आसपास विडी-सिगारेट नको, देवासमोरची समईसुद्धा नको. अंगणात काम करताना हे भान सुटतं.

मग सगळे प्लग काढा. फक्त तपासायच्या सिलिंडरचा एकच प्लग काढून भागत नाही. बाकीचे लावलेले राहिले तर सेल अडखळत फिरतो. वायरींना टेप लावून १, २, ३ लिहा. टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला. प्लग वर्तमानपत्रावर त्याच क्रमाने मांडून ठेवा, कारण तेही बोलतात. विटकरी-राखाडी प्लग म्हणजे तब्येत ठीक, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, ओला आणि तेलकट काळा म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. एक प्लग एकदम धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी येत असल्याची शंका घ्या.

गाडी न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला. गेज पहिल्या सिलिंडरला हाताने आट्यांवर बसवा, पान्याने आवळू नका. एकाने आत बसून एक्सलेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल मारायचा. एक्सलेटर दाबला नाही तर हवाच आत येत नाही आणि चांगल्या इंजिनचं कॉम्प्रेशनही निम्मं दिसतं. मिस्त्री एकटाच असेल तर तो बाहेरून वायरने सेल मारतो आणि हे नेमकं विसरतो. तुम्हीच आत बसा, पाय दाबून ठेवा.

गेजच्या काट्याकडे पहिल्या ठोक्यापासून लक्ष हवं. चांगला सिलिंडर पहिल्याच ठोक्याला निम्म्याच्या वर जातो, पुढच्या दोन-तीन ठोक्यांत भरत येतो आणि थांबतो. पाच-सहा ठोके पुरे. पहिल्या ठोक्याचा आकडा आणि शेवटचा आकडा, दोन्ही लिहा. गेजचं बटण दाबून हवा सोडा आणि पुढच्या सिलिंडरला तेवढेच ठोके द्या. सगळे झाले की पहिला परत एकदा घ्या. दोन्ही वेळचा आकडा जुळला तर बॅटरी आणि गेज दोन्हींवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आकडे कसे वाचायचे

चालत्या पेट्रोल गाडीत साधारणपणे १२० ते १८० पौंडांच्या दरम्यान आकडे येतात. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तो शोधून वहीत लिहून ठेवा. पद्मिनी आणि जुन्या पेट्रोल अँबॅसडर यांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं होतं. त्यांच्याकडून ८०० च्या आकड्याची अपेक्षा करून कुणी इंजिन उघडायला सांगत असेल तर उघडू नका.

आणखी एक गोष्ट इथल्या उंचीची. मॅन्युअलमधले आकडे समुद्रसपाटीच्या हवेचे. तुळजापुरात हवेचा दाब मुंबईपेक्षा सात-आठ टक्क्यांनी कमी, म्हणून गेजही तेवढाच कमी दाखवणार. मुंबईत १७० दाखवणारं तेच इंजिन इथे १५७-१५८ दाखवेल. यात इंजिनचा काही दोष नाही. मुंबई-पुण्याच्या मेकॅनिकचा व्हिडिओ बघून इथल्या आकड्यावर काळजी करत बसलेले लोक आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

एकूण आकड्यापेक्षा आपसांतला फरक महत्त्वाचा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांच्यात दहा ते पंधरा टक्क्यांपर्यंत फरक चालतो. समजा तीन सिलिंडरच्या ८०० ला १५०, १४५, १४८ आले. इंजिन ठणठणीत आहे, पिकअपचं कारण दुसरीकडे शोधा. ११५, ११०, ११२ आले तर इंजिन झिजलंय, पण एकसारखं झिजलंय. अशी गाडी सकाळी एका सेलला चालू होत असेल, ऑइल बेताने खात असेल आणि शेत, बाजार, देऊळ एवढीच तिची धाव असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की तिला हात लावू नये. ती अजून काही वर्षं काढेल आणि त्या खर्चात तुमचं दुसरं काहीतरी होईल.

आणि १५०, १४८, ९५ आले, तर खरं काम इथून सुरू होतं.

मेडिकलमधून दहा मिलीची सिरिंज आणा. कमी आलेल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचाभर, फार तर दीड चमचा इंजिन ऑइल आत सोडा. प्लग न लावता दोन-चार ठोके सेल मारून ते पसरू द्या. भोकाच्या समोर तोंड ठेवू नका, ऑइलचा फवारा बाहेर येतो. मग परत गेज लावा. ९५ चे १३५-१४० झाले, तर हवा रिंगांच्या कडेने जात होती. ऑइलने ती फट तेवढ्यापुरती बुजवली. म्हणजे रिंगा किंवा बोअर. ९५ चे शंभरच्या आसपासच राहिले, तर रिंगांचा दोष नाही. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मघाशी लिहिलेला पहिल्या ठोक्याचा आकडा इथे साक्षीला येतो. रिंगा गेलेल्या असतील तर काटा कमी सुरू होतो पण ठोक्यागणिक वर सरकत राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिल्या ठोक्याला जेवढा आला, त्याच्या फारसा पुढे जात नाही.

शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी, तिसरा चांगला, असं निघालं तर त्या दोघांच्या मधल्या भागात हेड गॅस्केट जळलेलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ऑइल टाकूनही ते वाढणार नाहीत. सगळेच सिलिंडर खूप कमी, अगदी ६०-७० च्या घरात, आणि गाडी कालपर्यंत बरी चालत होती, तर टायमिंग बेल्टने दात सोडला का ते बघा. तिन्ही सिलिंडरच्या रिंगा एका रात्रीत जात नसतात. उलट एखाद्या सिलिंडरचा आकडा मॅन्युअलपेक्षा बराच वर गेला तर आत कार्बनचा थर बसलाय, किंवा ऑइल वर येऊन साचतंय.

हवा भरून बघणं

गेजने सिलिंडर दाखवला, ऑइलने निम्मं उत्तर दिलं. उरलेलं पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर मिळतं. गेजच्या नळीच्या टोकाला ट्यूबच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशीच एक पिन असते. ती काढली की नळी दोन्हीकडून मोकळी होते. कमी आलेल्या सिलिंडरचा पिस्टन एकदम वर आणायचा आणि तो कॉम्प्रेशनच्या ठोक्याला हवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. टॅपेट कव्हर उघडून त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर किंचित मोकळे लागतात का बघितलं की खात्री होते. गाडी वरच्या गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, क्रँकच्या बोल्टला पाना अडकवून ठेवू नका. हवेच्या दाबाने इंजिन फिरलं तर तो हातावर येतो. मग नळीतून ६०-७० पौंड हवा सोडा आणि कान लावा.

कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह गळतोय. सायलेन्सरच्या टोकाशी आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या झाकणातून जोरात आली तर रिंगा. थोडीशी फुसफुस तिथे चांगल्या इंजिनलाही येते, ती धरू नका. शेजारच्या प्लगच्या भोकातून आली किंवा थंड इंजिनचं रेडिएटर झाकण काढल्यावर पाण्यात बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट, क्वचित हेडलाच तडा. याहून स्पष्ट उत्तर इंजिन न उघडता मिळत नाही. मिस्त्रीलाही तिथेच उभं करून ऐकवा, म्हणजे पुढे वाद राहत नाही.

हेड उतरवण्याच्या आधीची एक पायरी

व्हॉल्व्ह गळतोय असं निघालं तरी लगेच हेड उतरवू नका, टॅपेट तपासा. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून गाडी चांगली, ही समजूत फार पक्की आहे आणि ती चुकीची आहे. टॅपेट घट्ट झाले की आवाज जातो खरा, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. कॉम्प्रेशन उतरतं, आणि बराच काळ तसंच चाललं तर व्हॉल्व्हची कड जळते. गॅसवर चालणाऱ्या ८०० आणि ओम्नीत हे जास्त दिसतं. गॅस कोरडा जळतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो आणि टॅपेट आपोआप घट्ट होत जातात. फीलर गेजने टॅपेट सेट करून परत कॉम्प्रेशन घ्या. काही गाड्या इथेच सुटतात. सुटली नाही तर हेडचं काम करा: व्हॉल्व्ह लॅपिंग, गरज पडली तर नवे व्हॉल्व्ह, सीट कापणं, हेडची पातळी घासून सरळ करणं. हे लेथवरचं काम तुळजापुरात उरकण्यापेक्षा सोलापूर किंवा लातूरला पाठवलेलं बरं. तिथे हेड नेण्याआधी आकड्यांचा कागद बरोबर द्या.

उभ्या राहिलेल्या गाडीचं मघाशी म्हटलं. सहा-आठ महिने गाडी हलली नसेल तर पहिल्या दिवशीच्या आकड्यावर काही ठरवू नका. रिंगा कार्बनने खाचेत चिकटलेल्या असतात, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हच्या कडेवर गंज धरलेला असतो. अशा गाडीला सेल मारण्याआधीच प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी प्लगविना सेल मारून जास्तीचं बाहेर काढा, चालू करा, ऑइल बदला आणि नळदुर्गपर्यंत दोन-तीन चकरा मारून मग कॉम्प्रेशन घ्या. पहिल्या दिवशी ८० दाखवलेला सिलिंडर १२५ वर आलेला दिसणं यात काही चमत्कार नाही.

गेजला न दिसणारा धूर

ऑइल खाते म्हणजे रिंगा गेल्या, हा दुसरा घाईचा निकाल. कॉम्प्रेशन धरतात त्या वरच्या दोन रिंगा. बोअरवरचं ऑइल खरवडते ती तिसरी, ऑइल रिंग. ती गेली तरी गेजवर आकडा चांगला येऊ शकतो. व्हॉल्व्हच्या दांडीवरची रबरी सील गेली तरी तसंच. या दोघांतला फरक ओळखायला आपला घाट कामाला येतो. तुळजापूरहून सोलापूरकडे उतरताना गिअरमध्येच, एक्सलेटरवरचा पाय पूर्ण काढून गाडी खाली येऊ द्या. उतार संपला की एकदम एक्सलेटर द्या आणि मागून दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. त्या क्षणी निळ्या धुराचा एक लोट निघून मग साफ झालं, तर व्हॉल्व्ह सील आणि गाइड. चढावर दाबून चालवताना सतत निळा धूर, तर रिंगा. सीलचं काम रिंगांच्या कामापेक्षा कितीतरी कमी खर्चाचं आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर गॅस्केटकडे वळा.

आपल्याकडे गॅस्केट जळण्याचं मूळ बहुतेकदा रेडिएटरमध्ये असतं. बोअरचं पाणी जड. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की हातपंपावरून बाटली भरून ओतली, असं वर्षानुवर्षं चालतं. क्षार आतल्या वाटांवर बसतात, पाणी फिरत नाही, बेचाळीस अंशांच्या दुपारी घाट चढताना इंजिन तापतं आणि अॅल्युमिनियमचं हेड वाकडं होतं. वाकड्या हेडला नवं गॅस्केट बसवून दिलं तर ते थोड्याच दिवसांत परत जळणार. म्हणून गॅस्केट बदललं की हेडची पातळी बघितली का, हे विचारा, आणि रेडिएटरमध्ये पुढे कूलंटच घाला. ते नसेल तेव्हा आरओचं पाणी. रिंगांचा शत्रू धूळ. एअर क्लिनर कपड्यावर आपटून परत बसवण्यात वाचवलेले पैसे बोअरिंगवाल्याला व्याजासकट द्यावे लागतात.

डिझेलच्या गाडीला हा गेज लावू नका

काळी-पिवळीत फिरलेल्या ट्रॅक्स, मार्शल, कमांडर अजून इथल्या खेड्यांत आहेत. डिझेल इंजिनचं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दुप्पट-तिप्पट असतं, तीन-चारशे पौंडांच्या घरात. त्याला पेट्रोलचा गेज लावला तर गेज फुटेल, कदाचित डोळ्यावर उडेल. डिझेलचा गेज वेगळा येतो आणि तो हीटर प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या जागी बसतो. ऑइल टाकून बघण्याचा प्रकारही तिथे करायचा नाही. एवढ्या दाबाखाली ऑइलच पेट घेतं, आणि जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलवाल्यांनी डिझेलचा मिस्त्रीच गाठावा.

जुनी गाडी घेताना

व्यवहाराच्या दिवशी गाडी आधीच गरम करून ठेवलेली असेल तर सावध व्हा. थंड इंजिनचा धूर आणि आवाज तुम्हाला दिसू नये, म्हणूनही ते केलेलं असू शकतं. डिपस्टिकवर बोट फिरवा. ऑइल काकवीसारखं जाड लागलं तर धूर दाबण्यासाठी ते घातलेलं असू शकतं. चालू इंजिनचं ऑइल झाकण उघडून तळहात धरा; वाफेचे ठोके हाताला जोरात लागले तर रिंगा संशयास्पद. हे सगळे अंदाज. पैसे देण्याआधी कॉम्प्रेशन बघू द्या म्हणा. ज्याची गाडी चांगली आहे तो सहसा नाही म्हणत नाही. आकडे आले की सौद्याचं बोलणं सोपं होतं: एक सिलिंडर ९० वर असेल तर हेडच्या कामाचा अंदाज काढून तेवढे कमी करून मागा. तिन्ही सत्तरच्या खाली असतील आणि बेल्ट जागेवर असेल तर ती गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त मिळत असली तरी.

घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत तुळजापुरातल्या गॅरेजांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि कोजागरीला चालत येणाऱ्या भाविकांसाठी सोलापूर रस्त्यावरची वाहतूकही वळवलेली असते. घरची जुनी गाडी त्या दिवसांत लागणार असेल तर पितृपंधरवड्यातच कॉम्प्रेशन बघून घ्या. त्या वेळी मिस्त्रीही मोकळा असतो, आणि हेड सोलापूरला पाठवायची वेळ आली तरी परत येऊन बसवायला हाताशी दिवस राहतात.